उत्तर आलं, 'संपन्न'

पुणे, ४ ऑक्टोबर १९९८

देवदत्तदादा,

आधी मामांना नमस्कार सांग, मग उरलेला तू घे. तुझी ई-मेल मिळाली. कामाचं छोटंमोठं तिकडे लिहू, पण लांबलचक आणि घरचं कागदावरच बरं. आमच्या ऑफिसात एकच मशीन इंटरनेटला जोडलेलं आहे आणि त्याच्याभोवती कायम चारपाच जण उभे असतात.

तू विचारलंस की हा नवा प्रोटोकॉल नक्की करतो काय. लोक काशीतलं श्राद्ध मामांकडे नोंदवतील ती यात्रा कंपनीची साइट मी इथं पुण्यात लिहिते आहे. तुझी तिथींची यादी दुसऱ्याच सर्व्हरवर. माझी भाषा वेगळी, तुझी पर्ल. दोन्ही प्रोग्रामना एकमेकांच्या पोटातलं काही माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. ब्राउझर जसं पान मागतो, त्याच वाटेनं माझी साइट तुझ्याकडे एक निरोप पाठवणार. निरोपात वर कामाचं नाव, म्हणजे 'श्राद्ध नोंदव'. खाली ठरलेल्या क्रमानं नाव, गोत्र, नातं, तिथी. प्रत्येक गोष्टीच्या आधी एक खूण आणि नंतर एक खूण, म्हणजे हा शब्द आहे की तारीख आहे ते वाचणाऱ्याला कळतं. तुझ्या प्रोग्रामनं ते सोडवून वाचायचं आणि तशाच खुणांत बांधून उत्तर परत द्यायचं. तिथीच्या दिवशी संध्याकाळी साइट दुसरा निरोप पाठवेल, 'झालं का?' त्यालाही उत्तर हवं. उत्तरं दोनच तऱ्हेची असतात. एक तर निकाल, नाहीतर फॉल्ट. फॉल्ट म्हणजे एक आकडा आणि का झालं नाही त्याचं एका ओळीत कारण. गप्प बसणं या प्रोटोकॉलला चालत नाही. घरात चालतं.

आता घरचं. पौष वद्य पंचमीला बाबांना जाऊन वर्ष होईल. काका म्हणतात मुलीनं करू नये, आणि ते स्वतः करतील असंही म्हणत नाहीत. आईचं एकच म्हणणं आहे, काशीत व्हावं आणि आपल्या भावानं, नरहरनंच करावं. मामा करतील का? हो म्हणाले तर साइटवर पहिलं नाव मी बाबांचं घालणार आहे.

मी बरी आहे. बरी म्हणजे काही होत नाही. जानेवारीपासून एकदाही रडले नाही. लोक विचारतात तेव्हा उगीच लाजल्यासारखं होतं.

कस्तुरी

ब्रह्माघाट, वाराणसी, १९ ऑक्टोबर १९९८

चि. कस्तुरी,

खूप आशीर्वाद, मागितले नाहीस तरी.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "करतील का म्हणजे काय? शिवरामरावांचं मी नाही करणार तर कोण, गल्लीतला पानवाला?" आत्येला म्हणावं, बिलकुल चिंता करू नको. पंचगंगा घाटावर करू, तिला लहानपणी जिथं पोहायला बंदी होती तिथंच.

तुझं प्रोटोकॉलचं प्रकरण दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा बाबांना समजावलं. ते म्हणाले यात नवीन काय, संकल्पातही नाव, गोत्र, नातं, तिथी हाच क्रम आहे, चुकला की पोचत नाही. माझ्या कॉलेजातल्या पोरांना मी हे तीन तासांत शिकवलं असतं आणि त्यांना कळलं नसतं.

प्रोग्राम तयार आहे. बाबांची लाल वही मी सगळी टाइप करून घेतली आणि कपाटात ठेवून दिली. आता दर सोमवारी मी आठवड्याची यादी छापून त्यांच्या हातात देतो. 'झालं का?' विचारलंस की प्रोग्राम तारीख बघतो. तिथीच्या दिवशी दुपार उलटली असेल तर उत्तर 'संपन्न'. फॉल्ट मात्र मी लिहिलेला नाही. काय लिहू त्यात? आजोबांपासून या घरात एक तिथी चुकलेली नाही. जे कधी झालंच नाही त्याला आकडा कुठला देऊ? तुझ्या प्रोटोकॉलची ती जागा आमच्याकडे रिकामी राहील.

कमी जेवतेस का? आत्येनं बाबांना तसं लिहिलं आहे.

देवदत्त

पुणे, २२ नोव्हेंबर १९९८

देवदत्तदादा,

काल चाचणी घेतली. इथून निरोप गेला आणि चार सेकंदांत उत्तर आलं. आमचे साहेब चहाचा कप हातात घेऊन बघत उभे होते. त्यांना चहा प्यायचं सुचलं नाही. आतापर्यंत चाळीस नावं आली आहेत, पहिलं बाबांचं.

फॉल्टबद्दल मी तुझ्याशी भांडायला हवं होतं. नियमच तसा आहे. पण मामा पंचगंगेवर उभे राहून कोणाला 'झालं नाही' म्हणतायत हे डोळ्यांसमोर आणून मला हसू आलं आणि मी तसंच ठेवलं.

मी जेवते. आईच जेवत नाही. स्वयंपाक करता करता मधेच थांबते आणि म्हणते, "अजून आहेत." म्हणजे बाबा. पुढं काही म्हणत नाही आणि मीही विचारत नाही. काय विचारणार? वर्षश्राद्ध झालं की थांबेल असं सगळे म्हणतात.

कस्तुरी

पुणे, ७ जानेवारी १९९९

देवदत्तदादा,

काल संध्याकाळी साडेपाचला उत्तर आलं, 'संपन्न'. छापून घरी नेलं. आई दिवसभर न जेवता बसली होती. चष्मा लावून तिनं तो एक शब्द पुष्कळ वेळ वाचला, मग उठून वरणभात केला आणि मला वाढलं. नंतर बाबांचे कपडे काढले, घड्या घातल्या आणि गाठोडं बांधून शेजारच्या बकुळमावशींच्या हाती आश्रमात पाठवून दिलं. वर्षभर मी ज्या कपाटाला हात लावायला घाबरत होते ते अर्ध्या तासात रिकामं झालं.

मला वाटलं होतं, काल तरी मला काहीतरी होईल. नाही झालं. भात गरम होता एवढं लक्षात आहे.

आज सकाळी चहा गाळताना आई पुन्हा म्हणाली, "अजून आहेत." मी तिला कालचा कागद दाखवला. तिनं उरलेला चहा गाळला.

मामांना माझा साष्टांग नमस्कार. त्यांचे उपकार कसे मानायचे मला कळत नाही.

कस्तुरी

ब्रह्माघाट, १६ जानेवारी १९९९

चि. कस्तुरी,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. रामनगरचे वासुदेवकाका तीन तारखेला गेले. तू त्यांना पाहिलेलं नाहीस, बाबांचे चुलतभाऊ. त्यामुळं दहा दिवस सुतक, पुलावरून इकडं तिकडं, त्यात थंडी अशी की गंगेचा पलीकडचा काठ दुपारपर्यंत दिसत नाही. बाबांना खोकला आहे.

परवा संक्रांत झाली. खिचडी खाल्ली.

उपकार वगैरे लिहू नकोस. आत्येला जप. बाकी सगळं ठीक.

देवदत्त

पुणे, ८ फेब्रुवारी १९९९

देवदत्तदादा,

तुझं पत्र एवढुसं होतं. एरवी तू चुलीपासून राजकारणापर्यंत सगळं लिहितोस. वासुदेवकाकांचं वाचून वाईट वाटलं. वाईट वाटलं असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं, खरं तर मी ते बसमध्ये वाचलं आणि पिशवीत टाकलं.

आईचं थांबलं नाही. वाढलं आहे. दिवसातून चारपाच वेळा म्हणते. परवा बँकेतून माणूस आला तर त्याला म्हणाली, "ते आहेत, थांबा." त्याला मीच वाटेला लावलं. मग तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, सगळे विधी झाले ना? मी म्हटलं, काशीला झाले, माझ्याकडे कागद आहे. ते म्हणाले उत्तम, मग तोच त्यांना पुन्हा पुन्हा दाखवा, मनाला खात्री पटली पाहिजे. तीन गोळ्या दिल्या आहेत. तुझं 'संपन्न' मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं आहे. ती म्हणाली, "आहेत," की मी तिकडे बोट दाखवते.

गोळ्यांनी ती दुपारभर झोपते. काल उठली आणि स्वतःच कागदाकडे बघून म्हणाली, "मला भास होत असेल. डोकं बिघडलं माझं." मी हो म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला स्वतःला काहीच वाटत नव्हतं, खात्रीसुद्धा.

हे बरोबर चाललंय ना? मामांना विचारून लिही.

कस्तुरी

ब्रह्माघाट, १७ फेब्रुवारी १९९९

कस्तुरी,

बाबांना विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. आधी तुला सांगतो, मग त्यांना सांगेन.

सहा जानेवारीला शिवरामकाकांचं श्राद्ध झालेलं नाही.

आम्हाला सुतक होतं. तीन ते बारा. सुतकात बाबांना दुसऱ्याचं काही करता येत नाही. पूर्वी अशी वेळ आली की बाबा लाल वही खिडकीतून पलीकडे वेणीमाधव गुरुजींच्या हातात द्यायचे. ते त्या दहा दिवसांची नावं करायचे आणि अकराव्या दिवशी वही परत. त्यांच्याकडे सुतक आलं की त्यांची वही इकडे. एक तिथी चुकली नाही म्हणून मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना, ती या खिडकीमुळं चुकली नव्हती. प्रोग्राम लिहिताना मला ते सुचलंच नाही. वही मीच कपाटात ठेवली होती. बाबांना वाटलं, आता सगळं मशीनमध्ये आहे, तर मशीननं गुरुजींना आणि पुण्याला कळवलं असेल. मला वाटलं, बाबांनी गुरुजींना सांगितलं असेल. मी रामनगरला होतो, त्या सोमवारी यादीच छापली नव्हती. गुरुजींना तर कोणी काही बोललंच नाही.

आणि प्रोग्राम तारीख बघत होता. दुपार उलटली, 'संपन्न'. दहा दिवसांत सात नावं होती. सातही वेळा त्यानं तेच सांगितलं.

चौदा तारखेला बाबांनी मला विचारलं, "सुतकातल्या नावांचं काय केलं ते पुण्याच्या लोकांनी कळवलं का रे?" तेव्हा मला कळलं, त्यांनी गुरुजींना सांगितलेलंच नव्हतं. मी म्हणालो, बघतो. तुझं सात तारखेचं पत्र त्याच दिवशी आलं होतं, गाठोड्याचं. मी ते घेऊन घाटावर बसलो आणि मनाशी ठरवलं की आत्या शांत झाली आहे, आता कशाला. सोळाला तुला लिहिलं ते त्या विचारानं. काल तुझं दुसरं पत्र आलं. भिंतीवरच्या कागदाचं वाचलं आणि मला बसवेना.

तो कागद आज काढ. आत्येला म्हणावं, डोकं तिचं नाही बिघडलं. माझं.

देवदत्त

पुणे, २७ फेब्रुवारी १९९९

देवदत्तदादा,

पत्र ऑफिसात वाचलं. वाचून झाल्यावर साहेबांना एक अहवाल द्यायचा होता तो दिला. मग पुन्हा वाचलं. राग येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. तू सुतक लिहिलं होतंस, मी वाचलं होतं, आणि मला एक साधा हिशेब जमला नाही. फॉल्टची जागा रिकामी आहे हे तर मला ऑक्टोबरपासून माहीत होतं. तेव्हा तुझ्याएवढीच मीही.

घरी गेले. आई झोपली होती. कागद काढला, भिंतीचा थोडा रंगही आला. ती उठल्यावर सांगितलं. सरळच सांगितलं, मला दुसऱ्या तऱ्हेनं येत नाही. म्हटलं, आई, मामांना सुतक होतं, बाबांचं श्राद्ध झालंच नव्हतं, तो शब्द मशीननं आपणहून लिहिला.

तिनं भिंतीवरच्या रंग गेलेल्या जागेकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मला वेड नाही लागलेलं."

मी नाही म्हटलं.

"तू मला वेडी म्हणत होतीस."

मी हो म्हटलं. दादा, एवढं एक मात्र मला लागलं. बरंच आत कुठंतरी, पण लागलं. महिनाभर माझ्या आईला समोर जे कळत होतं ते मी एका शब्दावरून खोटं ठरवलं, आणि तो शब्द कोणी माणसानं म्हटलेला सुद्धा नव्हता.

मग तिनं विचारलं, बाकी कोणाची राहिली? मी म्हटलं, सहा घरं आहेत. ती म्हणाली, "त्या घरांतही बायका असतील ना ग. त्यांना आजच सांग." साहेब म्हणाले, कशाला सांगता, त्यांना कुठं कळणार आहे. मी सांगितलं. चौघांना फोन लावला, दोन घरी आई माझ्याबरोबर आली. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांनी दारातूनच शिव्या घातल्या. आईनं सगळ्या ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मलाही असंच वाटलं." मग त्यांनी आम्हाला आत बोलावलं.

गोळ्या तिनं स्वतःच बंद केल्या. डॉक्टरांकडे मी तिला सोमवारी नेणार आहे, पण सगळं खरं सांगून.

मामांना सांगितलंस का? आता कधी करायचं ते त्यांनाच ठरवू दे. तिथी ते सांगतील, आम्ही नाही.

कस्तुरी

ब्रह्माघाट, १८ मार्च १९९९

चि. कस्तुरी,

पाडव्याच्या दिवशी लिहितोय. काल फाल्गुन अमावास्या होती. राहिलेल्यांना ती चालते.

बाबांना मी एक मार्चलाच सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कपाटातून लाल वही काढून घेतली, वेणीमाधव गुरुजींकडे गेले आणि त्यांना म्हणाले, "माझ्या घरून सात जणांचा अपराध झाला." गुरुजी म्हणाले, "नरहरपंत, खिड़की तो खुली थी, हमने भी नहीं पूछा." मग दोघांनी वाटून घेतली. तीन गुरुजींनी केली, चार बाबांनी. शिवरामकाकांचं सर्वांत आधी. पाणी फार थंड होतं. संकल्प म्हणताना बाबा काकांच्या नावापाशी थांबले. खोकला असेल म्हणून मी पुढं झालो, तर खोकला नव्हता.

प्रोग्राम बदलला आहे. आता दुपार उलटली तरी तो काही बोलत नाही. बाबा घरी येऊन त्या नावापुढं स्वतः कळ दाबतात तेव्हाच 'संपन्न' जातं. न दाबल्यास फॉल्ट जातो, क्रमांक एक, कारण 'अद्याप झालेलं नाही'. सुतकासाठी क्रमांक दोन. बाबा एका बोटानं दाबतात आणि दाबल्यावर माझ्याकडे बघतात, गेलं का म्हणून. काल काकांचं तसंच गेलं.

बाबांनी आत्येला वेगळं कार्ड लिहिलं आहे. मला दाखवलं नाही.

तुला तोंड दाखवायला मी मे महिन्यात येतो. नको म्हणालीस तरी येतो.

देवदत्त

पुणे, २८ मार्च १९९९

देवदत्तदादा,

ये. मे कशाला, रजा मिळाली की ये.

सतरा तारखेला संध्याकाळी चारला उत्तर आलं होतं. छापलं, पण आईला दाखवलं नाही. मामांच्या हातचं येऊ दे म्हटलं. काल कार्ड आलं. चारच ओळी आहेत. तिथी, गोत्र, नाव, 'यथासांग झालं'. खाली लिहिलंय, 'प्रभा, तुझा नवरा मला मेहुणा म्हणून फार आवडायचा, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.' आईनं दोनदा वाचलं आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिलं.

आज रविवार. सकाळी दोघी गॅलरीत भाजी निवडत बसलो होतो. आई मटार सोलता सोलता थांबली आणि म्हणाली, "अजून आहेत."

माझ्या पर्समध्ये तुझा छापील कागद होता, मामांचं कार्ड आत होतं. दोन्ही खरी. मला ती आणता आली असती. नाही आणली. सव्वा वर्षात जे एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, "कुठं?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मी चेष्टा तर करत नाही ना म्हणून. मग म्हणाली, "तू बसलीस ना, तिथंच. सकाळचं ऊन येतं म्हणून तिथं बसायचे. जरा सरकून बस."

मी सरकले. ताटली उचलून दुसऱ्या बाजूला घेतली. आणि दादा, मला रडू यायला लागलं. थांबेचना. मटारांत, पदरावर, सगळीकडे. आईनं मला रडू दिलं थोडा वेळ, मग हातातली शेंग सोलत म्हणाली, "पुरे ग आता. त्यांना बघवत नाही."

कस्तुरी